बुडख्याचं लोणचं

झाड तोडून झालं की वाटणी होते, आणि ती गावोगावी सारखीच असते. खोड वखारीला, फांद्या जळणाला, पाला महापालिकेच्या गाडीला आणि बुडखा मालकाला. मालक कुरकुरतो, पण तोडणाऱ्याची बाजू भक्कम असते. जमिनीलगतच्या लाकडात माती आणि खडे रुतलेले असतात. त्यात चेनसॉ घातला की साखळीचे दात बोथट होतात, आणि वखारवाला तसलं लाकूड फुकट दिलं तरी टेंपोतून उतरवून घेत नाही. सरकारही इथे फारसं मदतीला येत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची जबाबदारीही गळ्यात पडते. म्हणजे झाडाचं वय विचारणारा अधिकारी आहे, त्या बदल्यात किती रोपं लावायची हे मोजणाराही आहे. तोडल्यावर अंगणात जे उरतं त्याचं काय करायचं, हे मात्र मालकानं आपल्या अकलेनं ठरवायचं. आणि नेमकी तिथेच गडबड होते.

माझं म्हणणं असं आहे की बुडखा घालवण्यासाठी आपल्याकडे जे जे उपाय केले जातात, ते बहुतेक सगळे लाकूड टिकवण्याचे उपाय आहेत. हे विधान जरा उद्धट वाटेल, म्हणून पुरावा देतो. सर्वांत लोकप्रिय उपाय मिठाचा. गिरमिटानं बुडख्यात भोकं पाडायची, त्यात जाडं मीठ ठासायचं, वरून फडकं किंवा प्लॅस्टिक बांधायचं आणि वाट बघायची. हीच कृती कैरीच्या फोडींवर केली तर तिला आपण लोणचं म्हणतो, बरणीला दादरा बांधतो आणि पुढच्या कैऱ्या येईपर्यंत ते टिकावं अशी अपेक्षा ठेवतो. मीठ पाणी ओढून घेतं, आणि पाण्यावाचून बुरशीचं काही चालत नाही, हे ज्ञान स्वयंपाकघरात सर्वांना असतं. ओटा ओलांडून अंगणात येईपर्यंत ते कुठं गळून पडतं, हा संशोधनाचा विषय आहे. बरं, मीठ बुडख्यातच राहिलं तरी एक वेळ ठीक. ते पहिल्या पावसात विरघळून शेजारच्या कढीपत्त्याच्या मुळाशी जातं. मग बुडखा शाबूत आणि कढीपत्ता आडवा.

ज्यांना मीठ फार घरगुती वाटतं ते मोरचूद आणतात. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि त्याची जगभर ख्याती आहे ती बुरशी मारण्याबद्दल. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण द्राक्षवेलींवर फवारून केवडा रोगाला आवर घातला. तेच बोर्डो मिश्रण कोकणातल्या सुपारीच्या बागेपर्यंत पोचलं. लाकडी खांब कुजू नयेत म्हणून त्यांना तांब्याचे क्षार पाजण्याची पद्धतही जुनी आहे. तिसरा उपाय जळक्या ऑइलचा. गॅरेजमधून डबाभर काळं तेल आणायचं आणि बुडख्यावर ओतायचं. गावाकडे हेच तेल कुंपणाच्या खांबांना फासतात, कारण त्यानं वाळवी लागत नाही. रेल्वेनं आपले लाकडी स्लीपर डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलात मुरवले ते हौसेखातर नव्हे. उघड्या पावसात, आगगाड्यांखाली, ते वर्षानुवर्षं टिकावेत म्हणून. मीठ, तांबं आणि तेल या तिन्हींचा क्रमानं प्रयोग झालेला बुडखा वस्तुसंग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेचा होतो. मालकाला मात्र वाटत राहतं की झाडच फार चिवट होतं.

या चुकीच्या मुळाशी एक समजूत आहे. बुडखा त्रास देतो म्हणजे तो जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणजे त्याला मारलं पाहिजे, असा तो तर्क चालतो. म्हणून विषाचा शोध सुरू होतो. बुडख्याचा त्रास बहुधा तो मेलेला असूनही जात नाही हा असतो, आणि मेलेल्याला मारून काही होत नाही. विष घालून मरतात ते त्याला खायला आलेले जीव. हिंगाचं प्रकरण याच समजुतीतून आलेलं आहे. भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या किंवा तोडलेल्या उंबराच्या मुळाशी हिंग भरला की झाड कायमचं जातं, असं सांगणारं माणूस प्रत्येक आळीत एक असतंच. आपला हिंग मुख्यत्वे अफगाणिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू झाली ती २०२० साली. एवढा सातासमुद्रापार नसला तरी डोंगरापारचा माल बुडख्यात कोंबून मिळतं काय, तर पिंपळाला पुन्हा पालवी आणि अंगणाला आमटीचा वास.

जाळण्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण चिडलेला माणूस शेवटी काडेपेटीकडे वळतो. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. त्यामुळे वर टायर ठेवून पेटवलेला बुडखा बराच वेळ स्वतःचं पाणी उकळत बसतो आणि सगळ्या गल्लीला धूर देतो. तो वाळलेला असला तर पंचाईत वेगळी: आग मुळांच्या वाटेनं जमिनीखाली धुमसत जाते आणि काही दिवसांनंतर भलतीकडेच डोकं वर काढते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला. बुडखा हा कचरा आहे की स्थावर मालमत्ता, यावर वकील लावता येईल. पण वकिलाची फी धरली तर दंडच स्वस्त पडेल.

अमेरिकेनं या बाबतीत आपल्यापेक्षा मोठा पल्ला गाठला होता. तिकडे जंगल तोडून शेती करायची तर शेतभर बुडखे, म्हणून ड्यू पाँट कंपनीनं १९१० मध्ये शेतकऱ्यांसाठी डायनामाइटनं शेती कशी करावी याची पुस्तिकाच काढली. पहिलं महायुद्ध संपल्यावर उरलेली पिक्रिक ॲसिडची स्फोटकं शेतकऱ्यांना बुडखे उडवायला वाटली गेली. जर्मनांसाठी बनवलेला दारूगोळा मेपलच्या बुंध्यावर खर्च करण्यात एक प्रकारची काटकसर आहे, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आडवा येतो. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे, त्यामुळे अर्ज घेऊन जाणाऱ्याला येताना संत्री आणता येतील. परवाना मिळेल असं मात्र वाटत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. वजनदार अक्षरशः, कारण तो जेसीबीचा आहे. लोक म्हणतात, एवढा काथ्याकूट कशाला, जेसीबी बोलवा, तासाभरात काम फत्ते. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थानं १९४५ मध्ये काढलेल्या कंपनीच्या यंत्रांवर आपल्या देशाचं किती प्रेम आहे हे २०१९ च्या मे महिन्यात दिसलंच. जेसीबीचं खोदकाम बघत उभ्या राहिलेल्या गर्दीवर तेव्हा अख्खा देश विनोद करत होता, आणि विनोद करणारेही ते व्हिडिओ शेवटपर्यंत बघत होते. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ते बुडखा नक्की काढतं. पण त्याच पंजानं नळाची लाइन, ड्रेनेजचं चेंबर आणि कंपाउंडच्या भिंतीचा पायाही निघतो, कारण झाडाची मुळं मोठी चतुर असतात आणि पाइपाच्या गळतीशी त्यांनी फार पूर्वीच संधान बांधलेलं असतं. शिवाय आधी ते यंत्र फाटकातून आत यायला हवं. कित्येक बंगल्यांत बुडखा काढण्याच्या अंदाजपत्रकात फाटकाचा खांब पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा लागतो.

आणि एवढं करून बुडखा गेल्यावर तिथं उरतं काय, तर खड्डा. सात फूट व्यासाचा आणि तीन फूट खोल खड्डा म्हणजे सुमारे ११५ घनफूट झाला. मुरमाचा एक ब्रास १०० घनफुटांचा. निघालेली माती परत ढकलली की खड्डा भरल्यासारखा दिसतो, कारण उकरलेली माती फुगलेली असते. पहिल्या दोन पावसांत ती बसते आणि अंगणात थेट बुडख्याच्या मापाचं तळं तयार होतं. मग मुरूम, मग रोलर, मग पेव्हर ब्लॉक. त्यातही गंमत अशी की जेसीबीनं काढलेलं असतं ते फक्त मधलं गाठोडं. झाडाची बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच, पण फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, आणि ती सगळी तिथेच राहतात. झाडाचं खोल सोटमूळ हे बहुतेक मोठ्या झाडांच्या बाबतीत शाळेच्या पुस्तकापुरतंच उरतं. ही राहिलेली मुळं पुढे आपोआप कुजतात, मातीत मिसळतात आणि त्यांच्याबद्दल कुणी सोसायटीच्या सभेत ठराव मांडत नाही. म्हणजे जेसीबीवाल्याचंही उरलेलं काम शेवटी बुरशीच करते. ती मुळांपाशी हे करू शकते, तर बुडख्यापाशी का नाही?

तिला करू दिलं तर ती करतेच. लाकडातला चिवट भाग म्हणजे लिग्निन, आणि ते पार पचवणं ही लाकडाला पांढरी कुज आणणाऱ्या बुरशीची खासियत आहे. तिच्या मागण्या फार नाहीत: ओल, हवा आणि थोडं नत्र. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली गेली की ती काम थांबवते. कुंपणाचा खांब वरच्या टोकाला कोरडा राहतो, जमिनीत खोल गेलेला भागही पुष्कळदा बरा असतो, आणि तो मोडतो तो नेमका जमिनीलगत, कारण ओल आणि हवा तिथं एकत्र भेटतात. आता बुडखा म्हणजे काय, तर झाडाचा जमिनीलगतचाच तुकडा. कुजण्यासाठी याहून मोक्याची जागा लाकडाला मिळणार नाही. तेव्हा मालकानं करायचं ते इतकंच: बुडखा होईल तेवढा खाली कापून घ्यायचा, गिरमिटानं भोकं पाडायची (मिठाच्या उपायातली तेवढी पायरी बरोबर आहे), त्यात शेणकाला किंवा मूठभर युरिया घालायचा, वर माती आणि पालापाचोळा ओढायचा आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यायचं. चाणक्याच्या पायात दर्भ रुतला तेव्हा त्यानं तो उपटून मुळांत ताक ओतलं, अशी आख्यायिका आहे. कुणी ताकाऐवजी गोड पाणी सांगतात. कथा खरी असो नसो, तिच्यातली अक्कल खरी आहे. नंदांशी कठोर वागणारा तो माणूस मुळांना विष घालत नाही. मुंग्यांना पंगतीला बोलावतो.

याला वेळ लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. गुलमोहर, शेवगा, पांगारा ही मऊ लाकडं काही पावसाळ्यांत ठिसूळ होतात. बाभूळ बरीच रेंगाळते, आणि सागाच्या गाभ्यात वाळवीलाही नकोशी वाटणारी द्रव्यं असल्यामुळे तो नातवंडांना वारसा म्हणून जातो. (सागाचा जुना बुडखा असेल तर तो घासून बघावाच. सागाची वार्षिक वलयं स्पष्ट असतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असल्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास केला आहे. आंब्याच्या बुडख्यावर हे असं लख्ख वाचायला मिळत नाही.) पण घाईचं कारण कुणी सांगत नाही. ज्या सोसायटीचं कन्व्हेयन्स वीस वर्षं रखडलेलं आहे, तिला बुडख्याचे पाच-सहा पावसाळे जड वाटावेत हे अजबच आहे. गाडी लावायला ती जागा हवी असेल तर मात्र माझा युक्तिवाद तिथं संपतो. जेसीबी बोलवा. फक्त बुडख्यावरून पेव्हर ब्लॉक घालून तो झाकू नका. तो खाली हळूहळू कुजतोच, पोकळी होते आणि फरशी खचते, आणि खचते ती बरोबर गाडीच्या चाकाखाली.

वाळवीचं भय मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वाळवी मातीत आधीपासून असतेच, बुडख्याची बातमी ऐकून ती बाहेरगावाहून येत नाही. तरीही घराच्या भिंतीला खेटून असलेला बुडखा म्हणजे तिला चौकटीपर्यंत दिलेली पायरी आहे. तो काढावा. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बुडख्यात ती आली तर आपलंच काम करते आहे असं समजावं. ठेच लागते, हा आक्षेप बुडखा खाली कापला आणि मातीनं झाकला की उरत नाही. वास्तुशास्त्राचा आक्षेप असेल तर त्याचं उत्तर वास्तुशास्त्र्याकडे असतं आणि त्याची फी जेसीबीच्या तासाएवढीच असते, तेव्हा तिथं बोलणं नको.

फुटव्यांचा प्रश्न जास्त खरा आहे. मघाशी मी मेलेल्या बुडख्याबद्दल बोललो, पण काही झाडं तोडल्यानं मरतच नाहीत. निलगिरी, गिरीपुष्प, शेवगा यांना तोडणं म्हणजे छाटणी वाटते. सुबाभूळ तर नमुनाच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा, सरपण आणि खत यांची एकहाती सोय म्हणून तिचा मोठा प्रचार झाला, उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं त्यात पुढाकार घेतला होता, आणि चाऱ्यापुरतं बोलायचं तर ते चुकीचंही नव्हतं. पण हीच सुबाभूळ आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर घुसखोर जातींच्या यादीत आहे, आणि तिला कापलं की ती एकाच्या जागी दहा धुमारे काढते. अशा बुडख्यावरचे फुटवे आले की लगेच खुडत राहावं. साठवलेली पिष्टमय शिदोरी संपली की तो थकतो. न्यूझीलंडमध्ये तर एक पानही नसलेला कौरी वृक्षाचा बुडखा आसपासच्या झाडांशी जुळलेल्या मुळांतून पाणी घेत जिवंत राहिलेला शास्त्रज्ञांना सापडला. त्यांनी ते २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्याकडच्या मालकांनी ही बातमी वाचलेली नाही हे बरंच आहे, नाहीतर शेजाऱ्याच्या झाडावर पाणीचोरीचा दावा लागायचा.

एका झाडापुढे मात्र माझी सगळी मांडणी माघार घेते, आणि ते झाड कोकण-गोव्यातल्या प्रत्येक परसात उभं असतं. नारळाला ना सोटमूळ, ना फुटवा. बुडाशी बोटाएवढ्या जाडीच्या हजारो मुळांचा झुबका असतो, आणि शेंड्यातला कोंब गेला की माड संपला. कुजण्यात तो उत्साही असतो, पण त्याच्या कुजक्या ओंडक्यात आणि बुडख्यात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्यांचे मोठे झालेले भुंगे शेजारच्या चांगल्या माडांचे कोंब पोखरतात. खोड कुजवणारी गॅनोडर्मा बुरशीही मेलेल्या बुडख्यातून जिवंत झाडाकडे जाऊ शकते. तेव्हा बागेतला माडाचा बुडखा ठेवू नये. पहार आणि टिकाव घेऊन दोन गडी लावावेत. मुळं दोरीएवढीच असल्यानं तो आंबा-चिंचेपेक्षा पुष्कळ समजूतदारपणे निघतो.

बाकीच्यांनी मृगाच्या आत कामाला लागावं. भोकं पाडा, शेणकाला घाला, माती ओढा आणि वर हवं तर दुधीचा वेल सोडा. बुडख्यावर पावसात जी छत्र्या-छत्र्यांची अळंबी उगवेल ती भाजीत घालू नका. बाजारात वाट्यानं मिळते ती आणि ही एकच असेल, असा भरवसा धरू नये. शेजाऱ्याची पहार परत करा. आणि मोरचुदाची पिशवी फोडली नसेल तर ती नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला देऊन टाका. केवड्याच्या दिवसांत त्याला तो खरोखरच लागतो.